सिस्टम कानाला टोचते? कोकणातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षातून दोनदा माझ्याकडे हे प्रश्न ढिगाने येतात. एकदा मे महिन्यात, नवीन बंगल्यांच्या वास्तुशांती उरकल्या की. दुसऱ्यांदा गणपतीत, चाकरमानी गावी येऊन गाणी ऐकायची जुनी सिस्टम चालू करतात तेव्हा. तक्रार बहुतेक एकच असते, "आवाज स्वच्छ आहे हो, पण ऐकवत नाही." खालची उत्तरं खर्चाच्या क्रमाने लावली आहेत. फुकटचे उपाय आधी, खिशाला हात घालायची वेळ शेवटी. मधूनच वाचलंत तरी चालेल, एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कर्कश म्हणजे नेमकं काय? मला एवढंच कळतं की अर्ध्या तासात कान थकतात.

"ट्रेबल जास्त आहे" (म्हणजे उंच सूर जास्त आहेत) या एका वाक्यात लोक चार वेगळी दुखणी कोंबतात.

पहिलं दुखणं २ ते ५ किलोहर्ट्झमधलं (एक किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला हजार कंपनं, आकडा मोठा तितका सूर उंच). माणसाचा कान याच पट्ट्यात सर्वांत तिखट असतो. इथे आवाज थोडा जरी वर आला तरी गायिका ओरडल्यासारखी वाटते, पेटीचे वरचे सूर चिरके होतात. कान थकतात ते बहुतेक यामुळेच. दुसरं ५ ते ९ किलोहर्ट्झच्या आसपासचं. स, श, छ ही अक्षरं फुसफुसतात, निवेदकाच्या प्रत्येक वाक्याला शिट्टी लागते. तिसरं १० किलोहर्ट्झच्या वरचं, झांजेची झिलई आणि टेपची खरखर. याला लोक सर्वाधिक शिव्या घालतात, पण दोष सर्वांत कमी वेळा याचा असतो. चौथं दुखणं ट्रेबलचं नसतंच. बेस (खालचे सूर) गायब असतो, म्हणून उरलेलं सगळं बोडकं आणि टोकदार वाटतं.

ओळखायची सोपी रीत अशी. ट्रेबलचं बटण दोन खाचा खाली करा. आवाज मंद झाला, पण टोचायचं थांबलं नाही, तर दुखणं पहिलं आहे किंवा खोलीचं आहे (प्रश्न २). मंदही झाला आणि पोकळही राहिला, तर चौथं धरा आणि प्रश्न ५ व ११ आधी वाचा.

२. परळच्या खोलीत वीस वर्षं गोड वाजणारी सिस्टम रिटायर झाल्यावर गावी आणली आणि टोचायला लागली. प्रवासात काही बिघडलं असेल का?

घाटातले खड्डे पाहता शंका रास्त आहे, पण दहातल्या नऊ वेळा सिस्टम शाबूत असते. बदलली ती खोली.

परळच्या खोलीत काय काय होतं ते आठवा. गादी घातलेली कॉट, खुंटीवरचे कपडे, कपाटावर बांधून ठेवलेली अंथरुणं, पुस्तकं, माणसं. आता गावच्या हॉलमध्ये काय आहे? गुळगुळीत लादी, गिलावा करून ऑइलपेंट दिलेल्या भिंती, वर स्लॅब, समोर काचेची सरकती खिडकी आणि मधोमध शिसवी सोफा. आवाज जिरवेल असं त्या खोलीत जवळपास काहीच नाही. स्पीकरमधून निघालेला सूर तुमच्या कानापर्यंत एकदा सरळ येतो आणि मग लादी, काच, स्लॅब असा फिरून पुनःपुन्हा येत राहतो.

हा हिशोब शंभर वर्षांहून जुना आहे. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं समजेना, म्हणून वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाला दुरुस्तीचं काम दिलं गेलं. त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, एकेक वाढवत आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि सकाळपर्यंत गाद्या परत न्यायच्या, असं चालवलं. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरात आहे. खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६१ ने गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणाने, म्हणजे आवाज जिरवण्याच्या ताकदीने, भागा (ती चौरस मीटरमध्ये का मोजतात, ते प्रश्न ३ मध्ये). उत्तर येतं ते आवाज ६० डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप) विरायला लागणाऱ्या सेकंदांचं.

तुमचा हॉल ६ मीटर लांब, ४ रुंद, ३ उंच धरू. घनफळ ७२. लादी, गिलावा, काच आणि चार लाकडी वस्तू मिळून शोषण ६ चौरस मीटरच्या आसपास. आवाज विरायला जवळपास १.९ सेकंद! देवळाच्या सभामंडपाला हे शोभेल, घरात गाणं ऐकायला अर्धा सेकंद पुरे. त्यासाठी शोषण २३ चौरस मीटरपर्यंत न्यावं लागतं. ते कसं, हे प्रश्न ६ मध्ये.

सिस्टम नव्याने जोडताना तारा उलटसुलट झाल्या नाहीत ना, एवढं मात्र आधी बघा. तो प्रश्न ५.

३. आमच्याकडे मे महिन्यात ठीक वाजतं, पण पाऊस लागला की कर्कश होतं. हवेतल्या दमटपणामुळे का?

हा प्रश्न खास आपल्याकडचा. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या रत्नागिरीसारख्या ठिकाणीच तो पडणार. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा उंच सूर थोडे कमी गिळते हे खरं आहे, पण स्पीकरपासून तीन मीटरवर बसलेल्या माणसाला तो फरक कळण्याइतका नसतो.

खरं कारण खिडकी. सॅबाइनने शोषण मोजायला जे एकक घेतलं ते होतं "उघडी खिडकी". उघड्या खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक चौरस मीटर पूर्ण शोषण. मे महिन्यात तुमच्या दोन खिडक्या आणि पडवीचं दार उघडं असतं, म्हणजे साडेपाच चौरस मीटर. वरच्या उदाहरणातल्या खोलीचं एकूण शोषणच सहा होतं. म्हणजे नुसत्या दारं-खिडक्यांनी ते जवळपास दुप्पट होतं आणि घुमणं निम्म्यावर येतं. आगोटीची कामं उरकून, झडीच्या भीतीने सगळं बंद केलं की तेवढं शोषण एका दिवसात जातं. त्यात पत्र्यावर पाऊस वाजत असतो, म्हणून आपण व्हॉल्यूम वाढवतो.

उपाय सोपा आहे. जूनमध्ये गोधड्या आणि जाड पडदे बाहेर काढा, ऑक्टोबरच्या उन्हात वाळवून परत ठेवा. कोकणातल्या घराला ऐकण्याचे दोन ऋतू असतात.

४. एक रुपयाही खर्च न करता काय करता येईल?

पुष्कळ. आणि हे झाल्याशिवाय पुढचं काही करू नका.

स्पीकर शोकेसमध्ये कोंबले असतील तर बाहेर काढा. ट्वीटर (उंच सूर वाजवणारा लहान गोल) तुम्ही बसल्यावर कानाच्या उंचीला यायला हवा, पण त्याचं तोंड थेट कानाकडे हवंच असं नाही. बऱ्याच ट्वीटरचा आवाज समोरून सर्वांत तेज येतो आणि बाजूला सरकलं की सौम्य होतो. म्हणून स्पीकर आत वळवलेले असतील तर ते सरळ करून बघा. नाहीतर उलट, इतके आत वळवा की दोन्हींच्या रेषा तुमच्या डोक्याच्या पुढे एकमेकींना छेदतील. या दुसऱ्या पद्धतीत बाजूच्या भिंतींवर आवाज कमी आपटतो, म्हणून अरुंद हॉलमध्ये मला ती जास्त आवडते.

जवळ बसा. चार मीटरवरून ऐकताना तुम्ही खोली ऐकत असता, दोन-सव्वादोन मीटरवरून स्पीकर. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर निदान दोन फूट पुढे ओढा. काढून ठेवलेली कापडी जाळी परत लावा. काही स्पीकर ती धरूनच जुळवलेले असतात, उगाच नागडे ठेवू नका.

मग आरशाची युक्ती. तुम्ही तुमच्या जागी बसा आणि घरातल्या कोणाला तरी हातातला आरसा बाजूच्या भिंतीवरून सरकवत न्यायला सांगा. ज्या ठिकाणी आरशात तुम्हाला स्पीकर दिसेल, तिथूनच पहिला परावर्तित आवाज येतो. खडूने खूण करा. लादीवरही तसंच. नंतर कापड, गोधडी, जे काय लावायचं ते या खुणांवर.

५. आवाज पातळ, बेस नाहीच आणि गायक नेमका कुठे उभा आहे ते कळत नाही. हेही कर्कशपणातच येतं का?

येतं, आणि माझ्या अनुभवात सर्वांत स्वस्तात सुटणारं हेच. एका स्पीकरच्या तारा उलट्या जोडल्या आहेत. एका बाजूचा वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा गोल) बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो, खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि वर फक्त टोकं उरतात.

तपासायला अँप (अँप्लिफायर) बंद करून स्पीकरच्या तारा अँपमधून काढा. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या आणि तारांना क्षणभर टेकवा. लाल खुणेच्या तारेला सेलचा अधिक टोक लागल्यावर वूफर बाहेर आला पाहिजे. दोन्ही स्पीकरचं बघा. सेल धरून ठेवायचा नाही, टिचकी मारल्यासारखा लावायचा. ज्या स्पीकरच्या आत वूफर-ट्वीटर कुणी स्थानिक कारागिराने बदलले असतील तिथे आतली जोडणीसुद्धा उलटी सापडते. मला दोनदा सापडली आहे.

६. भिंतींना आणि लादीला नेमकं काय लावायचं? स्टुडिओतले फोम आमच्याकडे मिळत नाहीत.

मिळाले तरी आधी घर धुंडाळा. कोकणातल्या घरात आवाज जिरवणाऱ्या वस्तू पिढ्यान्‌पिढ्या आहेत. नव्या बंगल्यात आपणच त्यांना माळ्यावर टाकलं.

सगळा खेळ जाडीचा आहे. लहर जितकी लांब, तितकं जाड अस्तर लागतं, ढोबळमानाने लहरीच्या पाव लांबीइतकं. ३ किलोहर्ट्झची लहर साधारण साडेअकरा सेंटिमीटरची, म्हणजे तिच्यासाठी तीन सेंटिमीटर जाडी पुरते. १ किलोहर्ट्झला साडेआठ सेंटिमीटर लागतात. यातच पातळ पडद्याची फसगत दडलेली आहे. वॉयलचा झुळझुळीत पडदा फक्त अगदी वरची झिलई खातो, २ ते ५ किलोहर्ट्झचं दुखणं जागच्या जागी राहतं. मग लोक म्हणतात, "पडदे लावले, आवाज मेला, तरी टोचतोच."

पडदा घ्यायचा तर जाड, वजनदार, आणि खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापडाचा, म्हणजे चुण्या पडतील. दांडी भिंतीपासून दहा सेंटिमीटर पुढे बसवा. मागची ती पोकळी फुकटची जाडी आहे.

लादीवर स्पीकर आणि सोफ्याच्या मध्ये नुसती सतरंजी नको, ती फार पातळ. सतरंजीच्या खाली काथ्याची जाड चटई टाका. जाडी वाढते आणि सतरंजी सरकत नाही. बाजूच्या भिंतींवर आरशाच्या खुणांपाशी चार पदरी गोधडी टांगा, मागे लाकडी पट्ट्या ठोकून भिंतीपासून थोडी सुटी. आजीची ठिगळांची गोधडी दिवाणखान्यात शोभते का, हा वाद घरात होईल. माझ्याकडे झाला होता. गोधडी जिंकली.

सर्वांत मोठा मोहरा म्हणजे कापसाची गादी. दहा सेंटिमीटर जाडीची एक जुनी गादी तुमच्या मागच्या भिंतीला उभी केली, वर खादीचं कापड चढवलं, की ती विकतच्या कुठल्याही पॅनेलच्या तोडीस तोड काम करते. फक्त पावसाळ्यात भिंतीला चिकटवू नका, ओल धरून बुरशी येते. चार बोटं जागा सोडा. काम त्यानेच जास्त चांगलं होतं.

भरलेलं पुस्तकांचं कपाटही चालतं. ते आवाज फारसा जिरवत नाही, पण विखुरतो. काचेची दारं असतील तर उघडी ठेवा.

सगळ्या भिंती मात्र झाकू नका. टाळी वाजवून बघत जा. खोलीच्या मध्ये उभं राहून टाळी वाजवल्यावर "टर्रर्र" असा लांबत जाणारा आवाज येतो, तो समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमधला. त्यातली एकच झाकली तरी तो जातो. "टर्र" गेली की थांबा.

७. अंड्यांचे ट्रे किंवा थर्माकोल लावू का?

नको. पुठ्ठ्याचा ट्रे पातळ असतो, अगदी वरचे सूर थोडे इकडेतिकडे करतो, बाकी झुरळांची सोय. थर्माकोलमधले हवेचे कप्पे बंद असतात, आवाज आत शिरतच नाही. ज्यात फुंकर मारली तर हवा आरपार जाते ते आवाज जिरवतं, असं लक्षात ठेवा.

८. आमचं जुनं कौलारू घर आहे, चिऱ्याच्या उघड्या भिंती. तिथे सिस्टम छान वाजते आणि मागच्या स्लॅबच्या खोलीत नाही. हा भास आहे का?

भास नाही. कौलांचं छप्पर उतरतं असतं, लादीला समांतर नसतं, त्यामुळे आवाज वर-खाली टेनिससारखा खेळत नाही. कौलांच्या फटींतून बराचसा बाहेर निसटतो. माळ्यावर पोती, चटया, जुनी अंथरुणं असतात, ती उरलेला खातात. शेणाने सारवलेली जमीनही लादीइतकी गुळगुळीत नसते.

चिऱ्याच्या भिंतीचं श्रेय मात्र लोक जरा जास्त देतात. जांभा खडबडीत आहे, भोकाभोकाचा आहे, त्यामुळे सर्वांत उंच सूर थोडे विखुरतात. गादीसारखं शोषण त्याच्याकडून होत नाही. गिलावा करून ऑइलपेंट दिला की तेवढाही फायदा संपतो. शक्य असेल तर सिस्टम जुन्या घराच्या ओटीवर न्या. माझं स्पष्ट मत आहे की हजारो रुपयांच्या पॅनेलपेक्षा हे स्थलांतर बरं.

९. ट्रेबलचं बटण आहेच की. ते खाली करून का भागत नाही?

कधीकधी भागतं, आणि तसं असेल तर बिनदिक्कत करा. टोन कंट्रोलला हात लावणं म्हणजे पाप, असं मानणाऱ्या मंडळींचं मनावर घेऊ नका.

अडचण अशी की बहुतेक अँपवरचं ट्रेबल १० किलोहर्ट्झच्या आसपास सर्वांत जास्त काम करतं आणि ३ किलोहर्ट्झला त्याचा हात जेमतेम पोचतो. फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून ऐकत असाल तर पॅरामेट्रिक इक्वलायझर (हवी ती पट्टी निवडून कमी-जास्त करणारा प्रोग्रॅम) वापरा. ३ किलोहर्ट्झला २ डेसिबल कमी, रुंदीचा क्यू १. एवढ्याने सुरुवात. फुसफुस असेल तर ६ ते ७ किलोहर्ट्झला तेवढंच. विंडोजवर इक्वलायझर एपीओ फुकट आहे. मोजमाप करायचं तर रूम ईक्यू विझार्डही फुकट, फक्त त्याला मोजणीचा माइक हवा.

मोजल्यावर एक चूक हमखास होते. ऐकण्याच्या जागी आलेला आलेख आडव्या रेषेत सरळ करायचा मोह होतो. सरळ आलेख घरात कर्कशच वाजतो. खालून वर जाताना तो हलका उतरता असू द्या.

घुमणारी खोली इक्वलायझरने बरी होत नाही. सूर कमी सोडाल, पण सोडलेला तितकाच वेळ घुमेल.

१०. हळू ऐकताना गोड, मोठं केलं की चिरकतं. आणि हे संध्याकाळीच जास्त होतं!

"संध्याकाळी" हा शब्द लिहिलात म्हणून बरं. गावात दिवे लागले की व्होल्टेज पडतं. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अँपला २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर त्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. शंभर वॅटचा अँप साठ-एकसष्ट वॅटचा होतो. तबल्याची थाप पडते तेव्हा त्याला झेपत नाही, लहरीचं टोक कापलं जातं, आणि कापलेल्या टोकातून जे नवीन सूर तयार होतात ते सगळे वरच्या पट्टीतले आणि टोचणारे. सतत असं वाजवलं तर ट्वीटर जळतोही. मोठ्या अँपपेक्षा छोटा अँप ताणून वाजवल्याने जळालेले ट्वीटर मी जास्त पाहिले.

मल्टिमीटरने संध्याकाळी सातला व्होल्टेज बघा. कमी असेल तर चांगला स्टॅबिलायझर लावा. स्विच मोड सप्लायचे नवे अँप १०० ते २४० व्होल्टवर चालणारे असतील तर त्यांना हा त्रास होत नाही. व्होल्टेज ठीक असूनही चिरकत असेल, तर खोली मोठी आणि अँप लहान असं आहे. आवाज ३ डेसिबलने वाढवायला दुप्पट वॅट लागतात, १० डेसिबलने वाढवायला दहापट. त्यापेक्षा जवळ बसणं स्वस्त (प्रश्न ४).

जाता जाता, विजा चमकायला लागल्या की प्लग काढा. अँटेनाची केबलसुद्धा.

११. समुद्रापासून चारशे मीटरवर घर आहे. खाऱ्या हवेने सिस्टमचा आवाज बिघडतो का?

बिघडतो, पण लोकांना वाटतं तसा थेट ट्रेबल वाढून नाही. खारी दमट हवा बेस खाते.

१९८० ते २००० च्या काळातल्या बऱ्याच स्पीकरांच्या वूफरला फोमची कड असते. दमट हवेत तो फोम विरघळल्यासारखा चुरा होतो. जाळी काढून बोटाने हलकेच स्पर्श करा. बोटाला काळा चिकट भुगा लागला, तर तुमचा कर्कशपणा इथेच आहे. वूफर धड हलत नाही, ट्वीटर एकटाच बोलतो. नवी कड बसवून मिळते. बसवताना रबराची मिळाली तर तीच घ्या.

मागच्या बेसच्या भोकात बॅटरी मारून बघा. कुंभारमाशीला ते भोक म्हणजे आयतं घर वाटतं. मातीची तीन घरटी काढून बेस परत आणल्याचं श्रेय माझ्या नावावर आहे.

तारांची टोकं हिरवी-काळी पडली असतील तर इंचभर कापा आणि नवं तांबं उघडं करा. दरवर्षी हे करायचा कंटाळा येत असेल तर कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार वापरा. बोटींवर वायरिंगला तीच असते, ती लवकर काळी पडत नाही. व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर येते ती आत साचलेल्या थराची. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा आणि बटण वीसेक वेळा फिरवा.

१२. महागडी केबल घेतली तर आवाज मऊ होईल असं दुकानदार म्हणतो.

त्याच्या खिशाला नक्की मऊ वाटेल. दीड चौरस मिलिमीटर तांब्याची दहा मीटर तार जाऊन-येऊन पाव ओहमही रोध करत नाही. स्वच्छ, घट्ट जोडलेली साधी तार पुरे. "शंभर तास वाजू द्या, मग मोकळा होईल" याबद्दलही तेच. शंभर तासांत स्पीकरपेक्षा आपला कान जास्त सरावतो. दुकानदाराची परत घ्यायची मुदत तेवढ्यात संपते, हा योगायोग समजा.

१३. बाकी सगळं ठीक, पण डबलबारीच्या भजनांत टाळ कानात घुसतात.

टाळ खणखणीतच असतात. देवळात पखवाजाशेजारी बसून बघा, घरी येईपर्यंत कान वाजत राहतो. टाळ मऊ वाजवणारी सिस्टम बिघडलेली समजावी.

तुमचं रेकॉर्डिंग बहुधा मंडपातल्या मिक्सरवरून किंवा मोबाइलवर केलेलं, आणि पुढे पाठवताना दाबलेलं. मोबाइलचा माइक टाळाच्या ठोक्याला भरून फाटतो. तो फाटलेपणा फाइलमध्येच असतो, कुठल्याही गोधडीने जात नाही. सिस्टम पारखायला असं रेकॉर्डिंग वापरू नका. स्टुडिओत नीट मुद्रित झालेलं, एकच आवाज आणि तानपुरा असलेलं गाणं घ्या. ते टोचत नसेल तर सिस्टम बरी आहे. मग भजनाच्या वेळी ट्रेबल खाली, नंतर परत जागेवर.

१४. आजोबांचा रेकॉर्ड प्लेअर अँपला जोडला. आवाज बारीक, पत्र्याच्या डब्यासारखा. सुई गेली का?

प्लेअरची तार कुठल्या खाचेत घातली ते बघा. तबकडी कापताना बेस मुद्दाम कमी आणि ट्रेबल मुद्दाम जास्त करतात, म्हणजे चर अरुंद राहतो आणि खरखर दबते. १९५० च्या दशकापासून सर्वमान्य झालेल्या आरआयएए वक्रानुसार, १ किलोहर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झला १७ डेसिबल कमी आणि १० किलोहर्ट्झला जवळपास १४ डेसिबल जास्त. हे उलटवण्याचं काम फोनो इनपुट करतो. तुम्ही टेपच्या किंवा ऑक्सच्या खाचेत घातलं असेल, तर तो कच्चा आवाज तसाच ऐकताय. अँपला फोनो इनपुट नसेल तर वेगळा फोनो प्रीअँप मिळतो.

फोनोत घालूनही फक्त स-श फाटत असतील, तेही तबकडीच्या मध्याकडे जास्त, तर मात्र सुई, तिचं वजन किंवा बसवण्याचा कोन. सुईच्या उत्पादकाने दिलेलं वजन पाळा. हलकं ठेवलं तर तबकडी वाचते हा गैरसमज आहे, हलकी सुई चरात उडते आणि जास्त ओरबाडते. ७८ च्या तबकड्यांना सुई वेगळी, जाड लागते.

१५. जुन्या सीडी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. त्याच सीडी प्लेअरवर गोड, फाइल मात्र कर्कश. हे कसं शक्य आहे?

शक्य आहे. असा प्रश्न आला की मला आनंद होतो, कारण इथे कानाने बरोबर पकडलेलं असतं. सीडीच्या सुरुवातीच्या वर्षांत काही सीडींवर उंच सूर वाढवून मुद्रित करत, १० किलोहर्ट्झला साडेसात डेसिबलच्या आसपास. सीडीवर तशी खूण असते आणि प्लेअर ती वाचून सूर परत खाली आणतो. कॉम्प्युटरवर उतरवताना ही खूण बहुतेक वेळा गळते, वाढीव सूर फाइलमध्ये तसेच राहतात. याला प्री-एम्फसिस म्हणतात. ते काढणारी सोय बऱ्याच ऑडिओ प्रोग्रॅममध्ये आहे. मोजक्याच, १९८० च्या दशकातल्या सीडींना हे लागू. नव्या सीडीची फाइल टोचत असेल तर कारण दुसरं शोधा.

१६. बाबांना ट्रेबल पूर्ण वर लागतं, आम्हाला ते सहन होत नाही. कोण बरोबर?

दोघंही. वयानुसार उंच सूर आधी ऐकू येईनासे होतात, त्यामुळे बाबांना जे "स्पष्ट" वाटतं ते तुम्हाला करवतीसारखं. पण अशा कानाची आणखी एक खोड असते. हळू आवाज ऐकूच येत नाही आणि थोडा वाढवला की एकदम असह्य होतो. म्हणून तेच बाबा कधी ओरडतील, "बंद करा ते!" त्यांच्यासाठी व्हॉल्यूम-ट्रेबल चढवण्यापेक्षा त्यांची खुर्ची स्पीकरपासून दीड मीटरवर आणा, नाहीतर हेडफोन द्या. आणि एकदा कान तपासून घ्या. कोणालाही अचानक सगळेच आवाज, भांड्यांचेसुद्धा, टोचायला लागले तर ती सिस्टमची बाब नाही, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची आहे.

१७. सगळं करून झालं. स्पीकरच बदलू का?

आधी घरातल्या दुसऱ्या खोलीत नेऊन वाजवा. गाद्यांनी भरलेल्या बेडरूममध्येही टोचले, तर स्पीकर तसेच आहेत. काही कंपन्या दुकानात पाच मिनिटांत छाप पडावी म्हणून वरची पट्टी चढवून ठेवतात.

विकण्यापूर्वी एक प्रयोग आहे, सोल्डरिंग येणाऱ्यांसाठी. क्रॉसओव्हरनंतर (वूफर आणि ट्वीटरला आपापले सूर वाटून देणाऱ्या आतल्या सर्किटनंतर) ट्वीटरच्या तारेत १ ओहमचा, १० वॅटचा रेझिस्टर मालिकेत जोडा. ८ ओहमच्या ट्वीटरचा आवाज साधारण १ डेसिबल उतरतो, २ ओहमने जवळपास २. कागदावर हे क्षुल्लक दिसतं, कानाला नाही. वॉरंटीत असलेल्या स्पीकरवर करू नका.

धातूचा ट्वीटर म्हणजे कर्कश आणि रेशमी म्हणजे गोड, या हिशोबाने नवीन घेऊ नका. चांगल्या धातूच्या ट्वीटरचा स्वतःचा टणत्कार बहुधा माणसाला ऐकू येण्याच्या पलीकडे, २० किलोहर्ट्झच्या वर असतो. घेताना दुकानात ऐकू नका, घरी आणून ऐकायला मिळत असेल तरच घ्या. तुमची लादी त्यांच्या शोरूममध्ये नाही.

१८. आमचं होमस्टे अगदी किनाऱ्यावर आहे. पडवीत स्पीकर लावले आहेत, तिथे भिंतीच नाहीत, तरी पाहुणे म्हणतात कर्कश.

भिंती नाहीत म्हणून घुमत नाही, पण समुद्र आहे. लाटांची गाज म्हणजे खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्यांतला सलग गोंगाट. गाण्यातलं हळू सगळं त्यात बुडतं, वर उरतात फक्त गायकाची टोकं आणि झांजा. मग कोणीतरी आवाज वाढवतो. भरतीला वाढवलेला ओहोटीला कोणी कमी करत नाही. त्यात मोकळ्यावर बेसला भिंतीचा आधार नसतो.

स्पीकर पडवीच्या मागच्या चिऱ्याच्या भिंतीला लागून ठेवा, बेस परत येईल. दोन मोठ्या स्पीकरऐवजी चार लहान, पाहुण्यांच्या जवळ, प्रत्येक हळू. आणि सूर्यास्ताच्या वेळी बंदच ठेवा. त्या वेळी तिथे कोणी गाणी ऐकायला आलेलं नसतं.